येडा आणि बळी

सिद्रामने खाडकन हँडल ओढले आणि डावा माग थांबला. आडवा धागा नेणारा धोटा मात्र अडकला होता उजव्या मागावर. तो माग तसाच धडधडत राहिला आणि साडीचे शे-दोनशे धागे तटातट तुटले.

मालक सुबराव धावत आले. "काय रं हे, सिद्राम? गेल्या म्हयन्यात बी असंच झालतं. आता पुन्यांदा झालं तर एकच माग चालवायचा बघ."

एक माग म्हणजे अर्धा विणकर. खासबागेतल्या त्या कारखान्यात सिद्राम वीस वर्षे दोन मागांच्या मधे उभा होता. कानडीत डावा म्हणजे येड, उजवा म्हणजे बल. म्हणून डाव्याला तो येडा म्हणायचा आणि उजव्याला बळी. ज्या बाजूचा आवाज बिघडला, त्या बाजूचा हात हँडलवर. पण दिवाळीपासून त्याचा उजवा कान पार गेला आणि बळीची बोंबही डावीकडूनच येऊ लागली. हात बिचारा कानाचा चाकर, तो येड्याकडेच धावायचा.

हे त्याने कुणालाही सांगितले नव्हते, बायकोलाही नाही. घरी गंगव्वा पायरीवर त्याच्या उजव्या हाताला बसून सुताच्या कांड्या भरायची. तिने हाक मारली की त्याची मान डावीकडे वळे. मग तो उगाच गल्लीतले कुत्रे हाकलल्यासारखे करी. आपले सोंग छान वठले, असे त्याला वाटे.

पण सिद्राम हात टेकणाऱ्यांतला नव्हता. येड्याचा आवाज कोरडा, बळीचा घोगरा. कुठून आला ते सोडायचे, कुणाचा आहे तेवढे ऐकायचे. तरी हात डावीकडे उडायचाच. मग त्याने नियम केला: आधी तोंडाने नाव घ्यायचे, मग हात हलवायचा.

शेजारच्या मागावरचा भरमा हसला. "अण्णा, जप करतोयस व्हय?"

"व्हय. तू बी कर, तुझी साडी तरी सुधारंल."

नवव्या दिवशी सुबराव पाठीशी उभे असतानाच डावीकडून घोगरी खडखड आली.

"बळी!" सिद्राम ओरडला आणि उजव्या हाताने हँडल ओढले. एकही धागा तुटला नाही.

"नाव कशाला घेतोस रं?"

"हाक मारल्याबिगर ऐकत न्हाय, मालक."

सुबराव हसत निघून गेले. दोन्ही माग त्याचेच राहिले.

संध्याकाळी तो छाती काढून पायरीवर बसला.

"अवो, चा घ्या," डावीकडून आवाज आला.

आज तो फसणार नव्हता. "गंगव्वा," तो पुटपुटला आणि ऐटीत उजवीकडे वळला.

तिथे कुणीच नव्हते.

"इकडं." गंगव्वा डावीकडे बसली होती, कांड्यांच्या रहाटासकट. "दुपारीच जागा बदलली. तिकडं ऊन लागतंय."

उजवीकडे शेजाऱ्याची उंच भिंत होती. तिथे ऊन कधीच येत नव्हते.

सिद्रामने कप घेतला आणि थोडे उजवीकडे सरकून तिला ऐसपैस जागा करून दिली.