न मोजलेले नऊ बुधवार

मी एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर दप्तरातली, रेघा मारायची पट्टी आली असेल. ती नव्हे, मित्रांनो! मी हातभर लांब, चार बोटं रुंद आणि आठ मिलिमीटर जाड आहे. रंग म्हणाल तर पाणी जास्त झालेल्या चहासारखा. दोन लोखंडी टेकूंवर मी आडवी पडले आहे आणि माझ्या बरोबर मध्यावर अठरा किलोंचं वजन लटकतं आहे. किती दिवस? पंचवीस वर्षं! इतक्या काळात ते एकदाही, क्षणभरही, कुणी उचललेलं नाही. तेव्हा दप्तर जड झाल्याची तक्रार घेऊन माझ्याकडे येऊ नका.

माझा जन्म विद्यापीठाच्या याच प्रयोगशाळेतला. मला इथल्या प्राध्यापिकांनी, म्हणजे आमच्या बाईंनी घडवलं. त्या तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधून त्या काम करत, कारण केसांना रेझिन लागलं की कात्रीशिवाय सुटका नाही. रेझिन म्हणजे मधासारखा चिकट रस. तो वाळला की कडक होतो, पण एकटा असला तर ठिसूळच. काचेचं म्हणाल तर तिचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच काचेचे केसाहून बारीक धागे काढले, त्यांचं कापड विणलं आणि ते या रसात भिजवलं, की दोघांचे दोष कुठल्या कुठे पळतात. बाईंनी अशा कापडाचे सोळा थर एकावर एक ठेवले. प्रत्येक थरावर रूळ फिरवला. "एक बुडबुडा राहिला ना, तर ही तिथूनच फुटेल," असं त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. मग भट्टीची ऊब, मग पाण्याच्या धारेखाली करवत, आणि एका मोठ्या पत्र्यातून आम्ही बारा बहिणी बाहेर पडलो.

दहा जणींच्या नशिबी ओढयंत्र आलं. ते दोन्ही टोकं जबड्यात धरतं आणि ओढत सुटतं. कडकन् आवाज झाला की खेळ खलास. वाईट वाटायचं, पण त्या मोडल्या म्हणूनच आमची ताकद किती ते कळलं. एक बहीण फडक्यात गुंडाळून कपाटात गेली. उरले मी.

माझी निवड का झाली, ते ऐका. नदीपलीकडच्या वस्तीसाठी पायी जायचा एक पूल बांधायचा होता. तिथले लोखंडी पूल गंजून जात, म्हणून तो आमच्याच कापडाचा नि आमच्याच रेझिनचा करायचं ठरलं. पण आमच्या जातीची एक खोड आहे. कायमचं ओझं ठेवलं की आम्ही हळूहळू वाकत राहतो. पन्नास वर्षांत किती वाकू? हे कुणालाच सांगता येईना. मग विचारायचं कुणाला? मला!

माणसं छाती पुढे काढून म्हणतात, "मोडेन पण वाकणार नाही." मला हसू येतं. माझं काम नेमकं उलटं होतं. वाकायचं, पण मोडायचं नाही. आणि किती वाकले ते खरं खरं सांगायचं. माझ्या पोटाखाली घड्याळासारखी एक तबकडी लावली होती. तिचा काटा मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवत असे. खोली उन्हाळ्या-हिवाळ्यात सारखीच राहावी म्हणून एसी बसवला आणि दाराला कुलूप लावलं. त्या कुलपाची किल्ली गेली मोजणीकाकांच्या खिशात.

मोजणीकाका प्रयोगशाळेतले मदतनीस. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण ते कधी कुणी हाकेला वापरलं नाही. दर बुधवारी सकाळी दहाला कुलूप खुट्ट वाजायचं. काका चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, परत लावायचे, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचे आणि विचारायचे, "काय गं, कशी आहेस?" मग काट्याचा आकडा दोनदा मोठ्याने वाचायचे. दोन्ही वेळा तोच आला तरच वहीत लिहायचे. शेजारी खोलीचं तापमान. ते बहुतेक पंचवीसच असायचं.

पहिल्या वर्षी मी भराभर वाकले, नंतर सावकाश. चौदाव्या वर्षी तर दोन-दोन महिने काटा हलत नसे. तरी काकांनी एक बुधवार चुकवला नाही. सुट्टी असली तरी यायचे. काकू त्यांना चिडवायच्या, हे काकाच मला हसत सांगायचे. "ही म्हणते, मी एकटीच घरात आणि तुम्ही चाललात माझ्या सवतीकडे!" मला आपला मान वाटायचा. कुणी का होईना, आपली आठवण काढतं.

त्या चौदाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, काकू आजारी पडल्या. साधासुधा आजार नव्हता. अर्धं अंग लुळं पडलं. बाई तेव्हा वर्षभरासाठी दुसऱ्या विद्यापीठात गेल्या होत्या. पहिल्या बुधवारी दहा वाजले, साडेदहा झाले, कुलूप वाजलं नाही. दुसरा बुधवार गेला, तिसरा गेला. आणि त्याच सुमारास वायरिंग बदलायला म्हणून आमच्या बाजूची वीज तोडली. एसी बंद पडला. बंद खोली, वर तापलेलं छत, काय सांगू! उन्हाने मऊ पडावं तशी मी आतून सैल झाले आणि वाकत गेले. मोडले नाही, एवढीच काय ती अब्रू राखली. पाच आठवड्यांनी वीज परत आली, खोली गार झाली आणि माझं वाकणं थांबलं. पण हे पाहायला कुणी नव्हतं. काट्याला सगळं ठाऊक होतं, पण काट्याला विचारणारं माणूस घरी होतं.

दहाव्या बुधवारी काका आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्या दिवशी त्यांनी "कशी आहेस" विचारलं नाही. आकडा दोनदा वाचला. चारशे एकेचाळीस. वहीत शेवटचा आकडा होता चारशे बारा. ते बराच वेळ त्या नऊ रिकाम्या ओळींकडे बघत उभे राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि एका बैठकीत नऊ आकडे लिहिले. चारशे पंधरा, चारशे अठरा, चारशे एकवीस... दर बुधवारी तीन-तीन वाढवत. शेजारी नऊ वेळा पंचवीस तापमान. अहो काका, काय करताय हे! मी मनातल्या मनात ओरडले. पण पट्टीला तोंड कुठे असतं?

त्यानंतर अकरा वर्षं गेली. काकू काठी घेऊन हिंडू-फिरू लागल्या. बाईंचे केस पांढरे झाले आणि त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. पुलाला पंचवीस वर्षं झाली. तो आणखी पंचवीस वर्षं वापरावा की पाडावा, असं नगरपालिकेने विचारलं. उत्तर माझ्या वहीत होतं. बाईंनी ते काम आपल्या नव्या विद्यार्थिनीला दिलं. तिला सगळे ताई म्हणत. तिकडे काकांच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते. त्यांच्या सत्कारासाठी लाकडी पाटी करायला टाकली होती. तिच्यावर कोरायचं होतं, 'तेराशे बुधवार, एकही न चुकता.'

ताईने सगळे आकडे कागदावर मांडले आणि ती चौदाव्या वर्षापाशी अडकली, कारण एरवी महिनोन्‌महिने न हलणारा काटा तिथे दर आठवड्याला पुढे सरकला होता. एका बुधवारी तिने विचारलं, "काका, त्या नऊ आठवड्यांत इथे काही झालं होतं का? धक्का बसला, खोली तापली, असं काही?"

"नाही," काका म्हणाले. "काही नाही."

"मग ही विनाकारण वाकली. आणि एकदा विनाकारण वाकली, तर पुन्हा कधीही वाकेल. उन्हात पूल थोडा वाकतो, तेवढा हिशेब बाईंनी आधीच धरलाय. पण याचा हिशेब कसा धरू? मला 'पूल बंद करा' असंच लिहावं लागेल."

काकांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत राहिले. असा राग आला मला! वाटलं, टाकावं हे अठरा किलो त्यांच्या पायावर! विनाकारण म्हणे! पंचवीस वर्षं इमानाने ओझं पेललं आणि शेवटी बदनाम कोण, तर मी. आणि तो पूल? रोज शेकडो माणसं त्यावरून जातात. तो बंद झाला तर त्यांना नदीला तासाभराचा वळसा.

पुढच्या बुधवारी काका आले ते बाईंना आणि ताईला सोबत घेऊनच. आकडा वाचायच्या आधीच बोलले.

"बाई, ते नऊ आकडे मी मनाने लिहिलेत. मी आलोच नव्हतो."

बाई स्टुलावर बसल्या. "काका, तुम्ही? मला फोनवर म्हणाला होतात, बुधवारी तासभर जाऊन येतो."

"पहिल्या बुधवारी चपला घातल्या होत्या. हिने हात धरला. बोलता येत नव्हतं तिला, नुसता हात धरला. मग नाही निघवलं."

"अहो, मग मला सांगायचं! मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं."

"किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायला जीव झाला नाही," काका म्हणाले. "आणि परत आल्यावर त्या रिकाम्या ओळी बघवेनात."

बाई चिडल्या होत्या. "नऊ आकड्यांपायी आता तेराशे आकड्यांवर संशय घेतील लोक. कळतंय का तुम्हाला?"

"माझ्यावर घेऊ देत. हिच्यावर नको," काकांनी माझ्याकडे हात केला. "हिने कधी खोटं सांगितलं नाही. आणि ती पाटी करू नका, बाई. आता ती माझी नाही."

मित्रांनो, त्या क्षणी माझा सगळा राग पाण्यासारखा वाहून गेला.

ताई मात्र वहीकडे बघत होती. "काका, हे तापमानसुद्धा मनानेच?" काकांनी होकाराची मान डोलावली. "म्हणजे खोली किती गरम होती ते कुणालाच माहीत नाही!" असं म्हणत ती धावतच बाहेर गेली. वायरमनच्या जुन्या वहीत सापडलं, की आमच्या बाजूची वीज पाच आठवडे बंद होती. बाईंनी नगरपालिकेकडून चार महिने मागून घेतले आणि कपाटातली माझी बहीण बाहेर काढली. पंचवीस वर्षांनी भेटलो आम्ही! ती होती तशीच सरळ आणि मी मेली पोक आलेली. तिच्यावरही अठरा किलो टांगले. दोन-अडीच महिने गारव्यात ओझ्याची सवय करू दिली, मग शेजारच्या खोलीत तिला पाच आठवडे उन्हाळ्यासारखं तापवलं. ती वाकली, जवळजवळ माझ्याइतकीच. खोली गार केली आणि ती थांबली. माझ्यावरचा आळ गेला. ताईने लिहिलं, 'पूल चालू ठेवावा. दरवर्षी तपासावा.'

काकांचा शेवटचा बुधवार आला. सत्काराला पाटी नव्हती, नुसता चहा होता. पण दहा वाजता कुलूप वाजलं आणि काकांच्या मागून काठीचा आवाज आला. काकू आत आल्या. माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाल्या, "हीच का माझी सवत? बाई गं, माझ्याहून जास्त वाकलीय की!"

काका हसले, पण डोळे भरून आले होते. काकूंनी वही मागितली. त्या नऊ ओळींवर आता लाल रेघा होत्या. शेजारी बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मोजले नाही. मोजणारा आजारी पत्नीपाशी होता.' काकूंनी त्यावरून बोट फिरवलं, पहिल्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत.

"हे मात्र खरं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

मग काकांनी चष्मा पुसला, वाकले आणि म्हणाले, "काय गं, कशी आहेस?" आकडा दोनदा वाचला, लिहिला आणि किल्ली ताईच्या हातात दिली.

मित्रांनो, मी अजून इथेच आहे, ओझं घेऊन. माझी एवढीच विनंती आहे. माझ्यावरचं वजन उचलू नका आणि माझ्या वहीत न पाहिलेलं काही लिहू नका. अठरा किलो मला पेलतात. खोटा आकडा मला पेलवत नाही.

परवा बुधवारी ताई तापाने घरी होती. कुलूप वाजलं नाही. गुरुवारी ती आली, वही उघडली, बुधवारची ओळ तशीच मोकळी सोडली आणि शेजारी लिहिलं, 'मोजले नाही.' त्या मोकळ्या ओळीकडे बघून मला मोजणीकाकांची फार आठवण आली.