पासपोर्ट जमा आहे

मी मॅक्सिम तुस्कानो यांचा पासपोर्ट बोलतोय. सध्या चालू आहे तो नव्हे, त्याच्या आधीचा. अंग गडद निळं, वर सोनेरी राजमुद्रा. ती मुद्रा अजून नव्यासारखी आहे. दहा वर्षं वापरलेल्या वस्तूवरचं सोनं इतकं कोरं कसं, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायचंय.

माझा जन्म १९९९ साली मस्कतच्या भारतीय वकिलातीत झाला. एका कारकुनाने काळ्या शाईने माझ्या पोटात मॅक्सिमचं नाव, वसईचा पत्ता आणि उंची लिहिली. मिशा कोरलेला फोटो चिकटवला. पहिल्याच पानावर छापलेलं होतं की या माणसाला कुठेही अडथळा न करता जाऊ द्यावं, आणि तेही साक्षात राष्ट्रपतींच्या नावाने! माझी छाती फुगली. वाटलं, आता आम्ही दोघं जग बघणार.

दोन तासांनी मी मस्कतच्याच रुवी भागातल्या एका बांधकाम साहित्याच्या कंपनीच्या लोखंडी कपाटात होतो.

तो माझा पहिला धक्का. मॅक्सिम वकिलातीच्या पायऱ्या उतरला, त्याने बस पकडली आणि घरी न जाता थेट ऑफिसात येऊन मला नूरुद्दीनच्या हातात दिलं. नूरुद्दीन म्हणजे कंपनीचा कागदपत्रांचा माणूस. व्हिसा, लेबर कार्ड, सगळं तोच बघायचा. त्याने मला "स्टोअर" असं लिहिलेल्या पाकिटात सारलं आणि किल्ली फिरवली.

गंमत अशी, की मॅक्सिम त्याच कंपनीत स्टोअरकीपर. याच्याकडून साधा स्क्रूड्रायव्हर न्यायचा तरी रजिस्टरवर सही लागायची. संध्याकाळी ड्रिल मशीन परत आलं नाही, तर हा सायटीवर फोन करून माणसाला हैराण करायचा. "आपली वस्तू आपण मागायची, लाजायचं कशाला?" असं तो हाताखालच्या पोरांना शिकवायचा. आणि माझी ना पावती, ना सही. घरी कुणी विचारलं, तर तो म्हणायचा, "पासपोर्ट जमा आहे." पैसे बँकेत आहेत, असं म्हणावं तितक्या निर्धास्तपणे.

अर्बाब, म्हणजे कंपनीचा मालक, वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं. ईदला प्रत्येकाच्या घरी हलवा पाठवायचा. पण पद्धत म्हणजे पद्धत. दोन वर्षांनी एकदा मॅक्सिम रजेचा फॉर्म भरायचा, आतून सही यायची आणि मी बाहेर यायचो. मस्कतचा सीब विमानतळ, मुंबईचा विमानतळ, वसईच्या घरातलं कपाट. चाळीस दिवसांची रजा संपली की पुन्हा लोखंडी कपाट. माझी छत्तीस पानं, त्यातली बरीचशी कोरी.

२००८ साली मात्र फ्लावियाने कमाल केली. फ्लाविया ही मॅक्सिम आणि ॲनीची एकुलती एक मुलगी, व्हिएन्नाला नर्स. तीन वर्षांत आईबापांची आणि तिची भेट नव्हती. त्यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाची भेट म्हणून तिने दोघांना डॅन्यूब नदीवरच्या आठवडाभराच्या बोट-सफरीची तिकिटं पाठवली. जूनमधल्या एका संध्याकाळी सात वाजता बुडापेस्टहून बोट सुटणार आणि दुसऱ्या दिवशी व्हिएन्नाच्या धक्क्यावर फ्लाविया उभी असणार.

मॅक्सिमने फॉर्म भरला. नूरुद्दीन हसला. "तुस्कानोभाई, युरोप? वापस आएगा ना?"

"इन्शाल्ला," मॅक्सिम म्हणाला.

या प्रवासात ॲनीच्या पासपोर्टशी माझी पहिल्यांदा नीट ओळख झाली. ती नवऱ्याच्या फॅमिली व्हिसावर, त्यामुळे तिचा पासपोर्ट घरीच असायचा, कपड्यांच्या घड्यांत. त्याला कापराचा वास यायचा. मला गंजाचा. नवराबायकोचे पासपोर्ट, आणि इतक्या वर्षांत एकाच पाकिटात असे झोपलोच नव्हतो.

बुडापेस्टला पोहोचल्यावर एक रात्र हॉटेलात काढली आणि सकाळी सामान बोटीवर ठेवून दोघं शहर बघायला निघाले. साडेसहापर्यंत परत या, असं बोटीवरच्या मुलीने बजावलं. ॲनीने आपला पासपोर्ट पर्समध्ये ठेवला, मला मॅक्सिमच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि वर बटण लावलं. पातळ सुती शर्ट होता. मला सगळं दिसत होतं.

काय सांगू! नदी म्हणजे किती पाणी असतं, ते मला ठाऊकच नव्हतं. मस्कतला वादी असते, म्हणजे ओढ्याचं पात्र, ती वर्षातले बहुतेक दिवस दगडांचीच. इथे पूल असा, की दोन्ही टोकांना दगडी सिंह. पलीकडे संसदेची इमारत, टोकदार मनोऱ्यांची. आणि हिरवळीवर माणसं उन्हात पसरलेली, अंगावर जेमतेम कपडे.

"अहो, यांना सावली परवडत नाही का?" ॲनीने विचारलं.

"त्यांना ऊन मिळत नाही म्हणून," मॅक्सिम म्हणाला आणि घाईघाईने दुसरीकडे बघू लागला.

टेकडीवर चढणाऱ्या डब्यासारख्या गाडीतून ते वर गेले. रंगीत कौलांचं चर्च पाहिलं. आत जायला तिकीट आहे म्हटल्यावर ॲनीचा चेहरा पडला. "देवाच्या घरात तिकीट? रुवीच्या चर्चमध्ये फादरनी असं केलं, तर लोक जुम्म्याची मिस्सा सोडतील." तरीही तिने तिकीट काढलं, आणि गुडघे दुखत असताना आत बराच वेळ गुडघ्यांवर बसली. बाहेर येऊन म्हणाली, "उद्या पोरगी भेटू दे, एवढंच मागितलं."

मग आलं ते संग्रहालय. ॲनी दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत काउंटरवर चष्म्याला साखळी लावलेली एक वयस्कर बाई होती. कानाला लावून माहिती ऐकायचं यंत्र ती देत होती. यंत्र हवं असेल तर एखादं ओळखपत्र ठेवा, असं तिने खुणेने सांगितलं.

बाकीचे प्रवासी कुरकुरत होते. कुणी गाडीचं लायसन्स देत होता, कुणी कॉलेजचं कार्ड. मॅक्सिमने एका क्षणात बटण काढलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. तिलाच आश्चर्य वाटलं. "पासपोर्ट? शुअर?"

"येस, येस. कीप," मॅक्सिम म्हणाला. अगदी खुशीत.

तिने मला एकतीस नंबरच्या कप्प्यात ठेवलं. तो गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही हो!

आत तो दीड तास रमला. जुन्या तलवारी, कुलपं, तोफगोळे, आणि प्रत्येक वस्तूवर नंबर लावलेला. स्टोअरकीपरला आणखी काय हवं? मग दुसऱ्या टोकाच्या दारापाशी एक टोपली ठेवलेली होती, यंत्रं परत करायला. त्याने यंत्र टोपलीत ठेवलं, नीट वायर गुंडाळून. पहाऱ्यावरच्या माणसाला थँक्यू म्हटलं. आणि बागेतून फिरून तो ॲनीकडे गेला. हे सगळं त्याने नंतर सांगितलं तेव्हा मला कळलं.

मी कप्प्यात वाट बघत होतो. शेजारच्या कप्प्यांचे मालक येत होते. आले की हात पुढे. आपलं कार्ड मिळालं की उलटून बघायचे, खिशात घालायचे, वरून थोपटायचे. एक मुलगी तर आपलं कार्ड मिळेपर्यंत टाचा उंचावून काउंटरवर वाकून उभी होती. मी थक्क होऊन बघत राहिलो. आपल्या कागदासाठी माणूस असा जीव टाकतो? मला हे माहीतच नव्हतं.

पाच वाजले. साडेपाच. सहाला दिवे मालवू लागले, तेव्हा सगळे कप्पे रिकामे होते आणि मी एकटा. त्या क्षणी मला कळलं, की तो विसरलेला नाही. विसरायला आधी आठवण असावी लागते. मी त्याच्याजवळ असणं हेच त्याच्या सवयीत नव्हतं.

तिकडे बोटीवर काय झालं, ते ॲनीने दुसऱ्या दिवशी फ्लावियाला सांगितलं. सव्वासहाला दोघं बोटीत शिरले. टेबलामागच्या मुलीने पासपोर्ट मागितले. ॲनीने आपला दिला. मॅक्सिम शांत उभा.

"अहो, तुमचा?"

"जमा आहे."

"कुठे जमा?"

"त्या म्युझियमच्या काउंटरवर. काळजी करू नको, सेफ आहे."

 आधी तिला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तो खरोखरच निश्चिंत होता! "अहो, हे मस्कत नाही!" ती एवढ्या जोरात ओरडली, की बोटीवर वाजणारा पियानो थांबला. तेव्हा कुठे मॅक्सिमचा हात खिशाकडे गेला आणि चेहऱ्यावरचा रंग उडाला. माझ्यातच ओमानचा व्हिसा होता, माझ्यातच युरोपचा. मी नाही, तर मुलगी नाही, नोकरी नाही, घरी जायची वाट नाही.

टॅक्सी करून दोघं टेकडीवर आले, तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. संग्रहालयाचं दार बंद होतं. पायरीवर चष्म्याची साखळी घातलेली ती बाई बसली होती, आणि मी तिच्या मांडीवर. अर्ध्या तासापूर्वी तिची घरी जायची वेळ झाली होती. तिने मला पुढे केलं.

मॅक्सिमने मला घेतलं नाही. त्याने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "व्हेअर टू साइन?"

"साइन?" ती बाई गोंधळली. माझ्यातला फोटो उघडून तिने त्याच्या चेहऱ्याशी लावून बघितला. "बट इट्स युवर्स."

तो तसाच उभा. हातात उघडं पेन. पन्नाशीचा माणूस, स्टोअरमधल्या हजार वस्तूंचा हिशेब तोंडपाठ असलेला, आणि स्वतःच्याच पासपोर्टसाठी रजिस्टर शोधत होता. शेवटी ॲनीने मला घेतलं. बाईचे दोन्ही हात धरून तिने मराठीतच तिला आशीर्वाद दिले. मॅक्सिमने पेनाला टोपण लावलं आणि ते माझ्या जागी खिशात ठेवलं. मला त्याचा राग आला होता. तो तिथेच विरघळला.

बोट मात्र गेली. पुलावर गाड्यांची रांग लागली होती. काठावर पोहोचलो, तेव्हा ती नदीच्या मध्यावर होती, आमच्या बॅगांसकट. ॲनी रागावली नाही, आणि मला वाटतं, त्यानेच मॅक्सिमला जास्त लागलं. सकाळच्या रेल्वेने ते व्हिएन्नाला गेले, बोटीच्याही आधी पोहोचले. धक्क्यावर फ्लाविया आईच्या गळ्यात पडली आणि सगळं ऐकून बापाकडे वळली.

"पप्पा, तुम्ही परत मागितला का नाही? यू जस्ट वॉक्ड आउट?"

"अगं, मला वाटलं, द्यायचा तेव्हा देतील," मॅक्सिम म्हणाला. "देतातच ना ते."

फ्लावियाने तोंडावर हात ठेवला. मग तिने मला बापाच्या खिशात घातलं आणि म्हणाली, "प्रॉमिस करा. आता कुणाला द्यायचा नाही." मॅक्सिमने मान डोलावली.

पुढचा आठवडा बोटीवर मी त्याच्या खिशात होतो. रात्री उशीखाली. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा कुणाचा तरी झालो होतो.

शुक्रवारी मस्कतला परतलो. शनिवारी सकाळी ॲनीने मला आपल्या कपाटात ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, "मागितला तर म्हणा, बायकोकडे जमा आहे." तो हसला आणि कामावर गेला. मी सुटलो, असं मला वाटलं.

दुपारी एक वाजता तो जेवायला आला. जेवला नाही. कपाटासमोर उभा राहिला. "ॲनी, उगाच कशाला? ते काय म्हणतील?" ॲनीने माझं एक टोक धरून ठेवलं, बराच वेळ. मग सोडलं.

दुपारच्या सुट्टीनंतर चार वाजता ऑफिस उघडताच मी नूरुद्दीनच्या टेबलावर होतो. नूरुद्दीनने मान वर केली. "अरे, इतनी क्या जल्दी थी तुस्कानोभाई? किसी ने पूछा भी नहीं."

कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! बुडापेस्टच्या कप्प्यातसुद्धा मला एवढा धक्का बसला नव्हता.

नूरुद्दीनने घाईत मला स्टोअरच्या पाकिटाऐवजी दुसऱ्याच पाकिटात सारलं. त्यावर "ऑफिस" लिहिलेलं होतं. आत एकच पासपोर्ट होता, म्हातारा, कडा झिजलेला. फोटो बघितला तर नूरुद्दीन. मी हबकलो. "तू इथे? कपाटाची किल्ली तर तुझ्याच माणसाच्या खिशात असते ना?"

"असते की," तो म्हणाला. "रोज कपाट उघडतो, बाकीच्यांना काढतो, ठेवतो. मला हात लावत नाही. गावी जायचं झालं, की स्वतःच फॉर्म भरतो, आत सहीला पाठवतो आणि सही येईपर्यंत बाहेर खुर्चीवर बसून राहतो."

पुढच्या वर्षी माझी मुदत संपली. वकिलातीत माझा एक कोपरा कापला, वर "रद्द"चा शिक्का मारला आणि माझा धाकटा भाऊ जन्माला आला. तो त्याच दिवशी कपाटात गेला. माझ्याबद्दल नूरुद्दीन म्हणाला, "ये तो खलास हो गया, घर ले जाओ."

असा मी घरी आलो. माझ्यावर आता कुठेही जाता येत नाही, म्हणून मी मॅक्सिमचा झालो. ॲनीने मला तिच्या पासपोर्टशेजारी ठेवलंय आणि मलाही आता कापराचा वास येतो. पण मॅक्सिम, तू कधी हे ऐकलंस, तर माझी एकच विनवणी आहे. एखाद्या दुपारी सहज जाऊन धाकट्याला मागून बघ. ते नाही म्हणतील, असं आपण दोघांनीच ठरवून टाकलंय. तू अजून एकदाही विचारलेलं नाहीस.