धवल्यातलं घर

"आये, मी जातंय आगरावर," जानू म्हणाला आणि त्यानं कोपऱ्यातली मीठ ओढायची फळी उचलली.

ठकीबाई चुलीपुढे होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "संप हाय."

"पोरगी तापान फणफणलीय. कामावं आलास तं डाक्टर आनतो, मुकादम बोललाय. तुझा धवला आनील का डाक्टर?"

ठकीबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. जानू फळी खांद्यावर टाकून निघाला. मिठागराच्या बांधावरून एकटा माणूस चालला की लांबून दिसतो. अख्ख्या गोडदेव गावानं त्याला पाहिलं.

ठकीबाई धवलारीण. भट नसला तरी चालेल, पण लग्नात धवले गायला ती हवीच. संप सुरू झाला तेव्हा युनियनचा कमळाकर तिच्या ओटीवर येऊन बसला. "काकी, माझं भाषण लोक ऐकतात न् घरी जाऊन झोपतात. तुम्ही गा." बिचारा खरं तेच बोलला. मग तिनं धवल्याच्या चालीवर संपाची कहाणी बांधली. कोण उपाशी राहिलं, मुकादमाला कोणी दारातून परतवून लावलं, सगळं त्यात आलं. लग्नात वऱ्हाडाची घरं यावीत तशी शेवटी संपावरची घरं नावानिशी यायची. रोज संध्याकाळी गावदेवीपुढे ज्या घराचं नाव गायलं जातं, त्या घराचा माणूस आगराची वाट धरायला धजत नसे. संप टिकला तो या गाण्यावर. आणि गाण्यात पहिलं नाव ठकीबाईच्या घराचं होतं.

त्या संध्याकाळी सगळे गावदेवीपुढे जमले. कमळाकर जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकी, नाव गाळू नका. पोरीसाठी गेला तो. समजतात लोक."

"एक घर खोटं गायलं, तं सगली खोटी व्हतील रं."

ती गायला उभी राहिली. घरांपाशी आली आणि तिनं आपलं घर सोडून दुसऱ्या घरापासून सुरुवात केली. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, कापला नाही. आत काही दुखेल म्हणून ती वाट पाहत राहिली, पण तेही नाही. थंडीत मिठाच्या पाण्यात उभं राहून पाय बधिर होतात, तशी ती सगळीच बधिर झाली होती.

पोरीचा ताप उतरला. पुढे गावानं संपही जिंकला, मजुरी वाढली. त्या दिवशी सारा गाव तो धवला गात फिरला. ठकीबाई सगळ्यांच्या पुढे होती. लोक तिच्या पाया पडले. ती मान हलवत राहिली.

घरी आली तेव्हा जानू ओटीवर बसला होता. मांडीवरची पोरगी तेच गाणं गुणगुणत होती. आजीला पाहताच तिनं विचारलं, "आजे, आपलं घर कवा येतं गो?"

जानूनं मान खाली घातली. ठकीबाई आत गेली, भात वाढून आणला आणि ताट त्याच्यापुढे ठेवलं. "जेव," ती म्हणाली.

पोरीनं घरांची नावं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली, शेजारच्या घरापासून.