बाराच्या आधी

आमच्या घरी गाडी चालवायचं शिक्षण ताटात व्हायचं. हे जेवायला बसले की आमटीची वाटी ताटाच्या मध्यावर ओढायचे आणि चमचा हातात धरून म्हणायचे, "ही वाटी म्हंजी वळण. चमचा म्हंजी गाडी. बाहेरून यायचं, वाटीला आतून शिवायचं, आन् परत बाहेर निघायचं. ब्रेक कुठं?"

"वाटीच्या आधी. गाडी सरळ आहे तोवर."

"आन् वाटीपाशी?"

"ब्रेकवरचा पाय उचलत न्यायचा. एकदम सोडायचा नाही."

"झालीस ड्रायव्हर," असं म्हणून चमचा आमटीत बुडवायचे.

हे एका गाड्यांच्या कंपनीत टेस्ट ड्रायव्हर होते. नवी गाडी बाजारात यायच्या आधी ती ट्रॅकवर पळवून बघायची, हे यांचं बावीस वर्षांचं काम. पण ते काम करताना मी यांना कधी पाहिलं नाही. घरच्या माणसांना फाटकाच्या आत सोडत नसत. एकदा हे डबा विसरले म्हणून मी घेऊन गेले, तेव्हा भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकला. वॉचमन म्हणाला, "ऐका ताई, तुमचे आनंदराव चाललेत." मी डबा हातात धरून तिथंच उभी राहिले. आवाज लांब गेला, वळला, परत आला. मग फाटकावरच डबा देऊन बसनं घरी आले.

आणि मला घेऊन आमच्या कासुर्डीहून चौफुल्याला निघाले की काटा पन्नासच्या पुढं जायचा नाही. उसाचे ट्रॅक्टरसुद्धा मागून हॉर्न द्यायचे. मी म्हणायचे, "एकदा तरी कामावर चालवता तशी चालवा की."

"रस्ता लोकांचा हाय. रिटायर झालो की तुला ट्रॅकवर नेतो."

रिटायर व्हायच्या आधीच साखरेनं यांचे डोळे नेले. एक गेला, आणि वर्षाच्या आत दुसरा. आता उजेड कळतो, माणूस कळत नाही.

तेव्हा सासूबाई होत्या. कुशाबाई त्यांचं नाव. त्यांनी मला देवघरापुढं बसवलं. "राजश्री, तुझ्या तोंडाला कुलूप घाल. उठल्यापासनं बारापातुर बोलू नगं. भैरोबा माझ्या लेकाच्या डोळ्याचं कुलूप काढंल." मी मौन धरलं. पहाटे दिवा लावला की तोंड मिटायचं, ते बारा वाजेपर्यंत. चार वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा मी रडले, पण बोलले नाही.

यांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. मी चहाचा कप यांच्या उजव्या हाताला ठेवून फरशीवर दोनदा टिचकी वाजवायचे. हे म्हणायचे, "ठेवला व्हय? बरं." तेवढीच आमची सकाळ.

यंदा दिवाळीनंतर यांचा भाचा रोहन आला. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती, पिवळी, दोनच माणसांची. शिरूरच्या पुढं माळावर कुणीतरी खासगी ट्रॅक केला आहे. तिथं महिन्यातून एकदा हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात.

"मामा, तुम्ही शेजारी बसा. मला सांगा काय चुकतंय ते," रोहन म्हणाला.

"मला दिसत न्हाई बाबा."

"तुम्हाला ऐकू येतं ना?"

हे हसले. त्या रात्री यांनी मला ट्रंकेतून कामावरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट काढायला लावला. मी इस्त्री केली. बटणं हातानं चाचपून म्हणाले, "एक चक्कर, राजश्री. एकच बास हाय."

रविवारी रोहन पहाटे घरी आला. गाडीत दोघांनाच जागा, म्हणून हे त्याच्याबरोबर गेले आणि मी पाठोपाठ एसटीनं चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे शिरूरला. तिथून रिक्षानं माळावर पोहोचले तेव्हा साडेदहा झाले होते. रोहनची एक फेरी आटोपली होती आणि त्याचा चेहरा उतरला होता. वळणात गाडी मागून घसरून गवतात गेली होती. "पुन्हा असं झालं तर गाडी बाजूला लावायची, असं ट्रॅकवरचे सर म्हणालेत," त्यानं सांगितलं. पुढची पाळी अकरा वीसला. त्या दिवसाची त्याची शेवटची.

नाव नोंदवायच्या टेबलापाशी ऋतिका नावाची मुलगी होती. तिनं यांच्या पांढऱ्या काठीकडं पाहिलं.

"काका, सॉरी. शेजारी बसणाऱ्याला ट्रॅक दिसायला हवा. काही झालं तर स्वतः बाहेर पडून कठड्यापलीकडं जाता आलं पाहिजे. नियम आहे."

"ताई, ते बावीस वर्षं टेस्ट ड्रायव्हर होते," रोहन म्हणाला.

"म्हणूनच त्यांना पटेल," ती हळूच म्हणाली.

यांनी मान हलवली. "बरोबर हाय पोरीचं. मी असतो तर मीबी सोडलं नसतं." आणि शर्टाची वरची बटणं काढायला लागले. तो शर्ट काढताना मला बघवेना.

रोहनच म्हणाला, "मग मामी बसतील. मामींच्या कानात इअरफोन घालू, फोन चालू ठेवू. ड्रायव्हरच्या कानात चालत नाही, शेजारच्याच्या चालतं. मामा बोलतील, मामी मला सांगतील."

"बारापर्यंत तिचं मौन हाय," हे म्हणाले. "तिला बोलायला लावू नगं. पण बस तू, राजश्री. मला नुसतं इंजिन ऐकव."

गाडीत पूर्ण बाह्या लागतात, म्हणून मग तो शर्ट मी साडीवर घातला. पदर आत खोचला, पायात शेतात घालायचे कॅनव्हासचे बूट होतेच. डोक्यावर हेल्मेट. रोहननं चारी बाजूंनी पट्टे आवळले. गाडी इतकी खाली की पाटावर बसल्यासारखं वाटलं. हात जोडायला गेले तर पट्ट्यात अडकले. मनातच नमस्कार केला.

गाडी सुटली. समोरचा सरळ रस्ता अंगावर धावून आला. टोकाला उजवं वळण, वळणावर बाभूळ. रोहननं ब्रेक उशिरा दाबला, दाबलेलाच ठेवून स्टिअरिंगचं चाक फिरवलं, आणि माझ्या पाठीखालून गाडी मागच्या मागं सरकली. टायर किंचाळले.

कानात हे पुटपुटले, "वळणात ब्रेक मारतंय पोरगं. मागची चाकं हलकी पडली." मला सांगत नव्हते. स्वतःशीच.

"काय म्हणाले मामा?" रोहन ओरडला.

मी गप्प. पुढचं वळणही तसंच, धडपडत. आलो पुन्हा सरळ रस्त्यावर. समोर घड्याळात अकरा सव्वीस. बाभूळ जवळ यायला लागली आणि रोहन टक लावून बाभळीकडंच बघत होता. मला चमचा दिसला, वाटी दिसली. आणि यांचे डोळे दिसले. चार वर्षं जपलेलं मागणं दातांमागं होतं. तोंड उघडलं की ते सांडणार, हे मला ठाऊक होतं.

"ब्रेक," मी म्हणाले. आवाज घोगरा आला. "आत्ता. सरळ आहे तोवर. आता पाय उचलत ने. एकदम नको. बाभळीकडं बघू नको, तिच्या पुढं बघ. जिकडं जायचंय तिकडं."

गाडी बाभळीच्या कडेला आतून शिवली आणि अलगद बाहेर निघाली. कसलाही आवाज न करता.

 कानात हे म्हणाले, "कोण बोललं?"

"मीच."

"किती वाजले?"

"अकरा सत्तावीस."

 मग यांचा आवाज आला, कधी ऐकला नव्हता असा, कामावरचा असावा. "पुढं काय दिसतंय, सांग."

"पाण्याची टाकी. डावं वळण. रस्ता तिकडं उतरतोय."

"उतार म्हंजी ब्रेक जरा अलीकडं. टाकीची सावली पडलीय का रस्त्यावर?"

"पडलीय."

"सावलीच्या आधी दाब म्हणावं. चाक सरळ व्हायला लागलं की मग गॅस, हळूहळू. घाई न्हाई."

मी सांगत गेले, रोहन करत गेला. चार चकरा झाल्या. चाक रोहनच्या हातात होतं, पण मी त्याच्या शेजारी नव्हते. जिथं बसायची पंचवीस वर्षं वाट बघितली तिथं बसले होते.

परत आलो तेव्हा हे जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी हेल्मेट काढून जवळ गेले.

"चांगली चालवली का मी?" यांनी विचारलं.

"पन्नासच्या पुढं गेलात एकदाचे."

हे इतके हसले की ऋतिकासुद्धा वळून बघायला लागली.

परतताना आम्ही दोघं एसटीनं आलो. न्हावरं मागं पडल्यावर मी म्हणाले, "मौन मोडलं हो माझं. तुमच्या डोळ्यांसाठी धरलं होतं."

"डोळे येणार न्हाईत हे डॉक्टरनं तवाच सांगितलं हुतं."

"मग मला का नाही बोललात?"

"तू देवाला शब्द दिलेला. मी कोण मधी पडणार?" यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. "सकाळी तुझ्या बांगड्या वाजल्या की कळायचं, घरात हाय. कवा वाजायच्या न्हाईत. मग भिंत धरून परसात यायचो."

मला वाटायचं, हे उन्हाला येतात. मी आपली तुळशीपाशी डोळे मिटून उभी असायचे, यांच्यापासून दोन हातांवर.

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावला. सवयीनं तोंड मिटलं होतं. डोळ्यांची आस गेली असं नाही. ती जायची नाही. भैरोबाला म्हटलं, चहातली साखर सोडते, तेवढं गोड मानून घे. आणि यांचे डोळे पुन्हा मागितले. या वेळी मोठ्यानं, यांना ऐकू जाईल असं.

मग चहा घेऊन बाहेर आले. हे ओट्यावर कान देऊन बसले होते.

"कप उजव्या हाताला ठेवलाय," मी म्हणाले.

यांनी कपाला हात लावला, पण उचलला नाही.

"आन् पुढं काय दिसतंय?"

मी शेजारी बसले आणि सांगायला लागले.