झेंडूखालची वायर

शरयूच्या खुर्चीवर आसमा बसली होती आणि शरयू दारात उभी राहून कडेवरच्या आरोहीला मऊ भात भरवत होती. हात वाटीत होता, डोळे खुर्चीवर.

लॅपटॉपही शरयूचाच. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वडिलांनी हौसेनं घेऊन दिलेला. लग्न होऊन ती नांदुऱ्याला आली, तेव्हा कुशलच्या फोटो स्टुडिओची लग्नाच्या फिल्मची कामं तिनं याच लॅपटॉपवर ओढली होती. मग आरोही झाली. दहा महिने तिला झाकण उघडायला सवड मिळाली नाही. तोवर कुशलनं नवा कॅमेरा घेतला, त्याच्या जडजड फायलींपुढं लॅपटॉप धापा टाकायला लागला. दोन सेकंद चित्र चाले, चार सेकंद थिजे.

म्हणून कुशलनं बाहेरून जोडायचं ग्राफिक्स कार्ड मागवलं. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, आत ते कार्ड, मागं त्याचा स्वतःचा वीजपुरवठा, आणि लॅपटॉपला जोडायला एक वायर. ते कसं लावायचं याचे व्हिडिओ शरयूनं आठ दिवस मोबाईलवर पाहिले होते, पोरीला मांडीवर थोपटत, आवाज बंद करून. कुशलला ते माहीत नव्हतं. त्यानं विचारलंच नव्हतं.

"आसमाले बोलावतो," तो म्हणाला होता. "तिच्या घरी असाच डबा आहे. उंद्री गावच्या लग्नाची फिल्म बी तीच करून देईन. तुले कुठं वेळ आहे आता?"

तो हे मायेनं म्हणाला, म्हणून तर जास्त लागलं. बी.एस्सी.ला आसमा तिच्याच वर्गातली. शरयू पहिली यायची, आसमा दुसरी.

डबा काल संध्याकाळी आला. सासूबाईंनी, सिंधूताईंनी, तो देवापुढच्या पाटावर ठेवला. डब्याला हळदकुंकू, कार्डाला हळदकुंकू, सोबत आलेल्या वीतभर लांब, जाड वायरीलाही हळदकुंकू आणि वर झेंडू. कुशल लगेच जोडायला निघाला तर म्हणाल्या, "रात्रभर राहू दे रे. पूजेतली वस्तू लगेच हालवत नाहीत."

सकाळी त्यानं घाईघाईत डबा उचलला. वायर फुलाखालीच राहिली. त्याला आठवणही नाही. खणातली मोबाईल चार्जिंगची वायर त्यानं लावली. दोन्हींचं तोंड एकसारखं, बसायला बसलीच.

आंघोळ करून देवाची फुलं बदलताना शरयूच्या हाताला ती जाड वायर लागली. टोकावरचं कुंकू पुसलं तर खाली विजेची छोटी खूण, व्हिडिओत दाखवलेली. तिला क्षणात सगळं कळलं. चार्जिंगच्या वायरीनं लॅपटॉप चार्ज होईल, पण कार्ड काही त्याला दिसायचं नाही.

तिनं झेंडू परत वायरीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. बघू तर, दुसरी आलेली काय करते ते.

दुसरी आलेली तासभर तेच तेच करत होती. कार्डाचा ड्रायव्हर प्रोग्राम काढला, परत टाकला. लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला.

"चार्ज तर होऊन राह्यलं भाऊजी," आसमा म्हणाली. "म्हणजे वायर बरोबर आहे. मंग कार्ड काऊन दिसून नाही राह्यलं?"

"तुले नाही समजलं त मले काय समजन?" कुशल हसला, आणि चक्क चहाचा कप घेऊन आला. स्वतः केलेला. शरयूच्या बाळंतपणातही त्यानं गॅस पेटवला नव्हता.

"आलं टाकलं का भाऊजी? वा. शरयू, नशीबवान आहेस बाई."

"हो ना," शरयू म्हणाली. आरोहीनं घास थुंकला.

सिंधूताई आतून म्हणाल्या, "पोरगी पाह्य कशी एका जागी बसून काम करते."

शरयूनं वाटीतला भात उगाच कालवला. तिच्या कडेवर आठ किलोचं लेकरू होतं. एका जागी बसायला तिलाही आलं असतं.

शेवटी आसमानं हात झटकले. "असं करते भाऊजी, डबा घरी नेते, माझ्या लॅपटॉपवर लावून पाहते. हा लॅपटॉप बी द्या सोबत, फायली त्यातच आहेत. फिल्म तिथंच करून टाकते. पुढचं काम आलं की तेही तिकडंच पाठवत जा."

"ने ना," कुशल म्हणाला. "इथं पडूनच असतो."

आसमाची फजिती पाहायला ती गप्प बसली होती, आणि त्या गप्प बसण्यानं लॅपटॉपच घराबाहेर निघाला होता.

तिनं आरोहीला कुशलच्या हातात दिलं, देवघरात गेली आणि वायर घेऊन आली. कुणाला काही न विचारता चार्जिंगची वायर उपटली, ही लावली, लॅपटॉप परत सुरू केला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कार्डाचं नाव उमटलं.

आसमा वायरीवरचं कुंकू बघत राहिली. "कुठं होती ही?"

"देवापाशी."

"तुले केव्हा दिसली?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. "सकाळी," शरयू म्हणाली. "फुलं बदलताना."

"अन् तू तासभर नुसती पाहून राह्यली?" कुशलचा आवाज चढला. "काऊन वं? उंद्रीवाल्यांले परवा फिल्म द्यायची आहे."

"मी देते परवा," शरयू म्हणाली. "मला विचारलंत का एकदा तरी?"

आसमा खुर्चीतून उठली. "कॉलेजातही अशीच होती भाऊजी. उत्तर येत असलं तरी हात वर नाही करायची, मी चुकायची वाट पाहायची. बस बाई, तुझी जागा."

"अन् पोरगी?" कुशलनं विचारलं.

"द्या इकडं," म्हणत आसमानं पोर आणि भाताची वाटी दोन्ही घेतली.

शरयू खुर्चीत बसली. तिनं उंद्रीची फाईल उघडली. नवरीवर अक्षता पडल्या आणि चित्र कुठंही न थिजता चालत राहिलं. डब्यातला पंखा घुमायला लागला. दहा महिने तिनं याचीच वाट पाहिली होती.

दाराशी आरोही आसमाच्या ओढणीची झालर धरून खिदळली. परक्याकडं न जाणारी पोर. आसमानं घास पुढं केला, तर तिनं आ केला.

शरयूनं मान वळवली नाही. पडद्यावर सप्तपदी सुरू झाली होती, पण कान दाराकडंच होते, आणि ती मोजत होती. पाचवा घास. सहावा. तिच्याकडून पोर चारच्या पुढं कधी खात नसे.