वहीतले अकरा हल्ले

१९१८ च्या उन्हाळ्यात जर्मन तोफखान्याच्या निरीक्षणाच्या खड्ड्यात एक दुर्बीण होती, दोन घड्याळं, एक टेलिफोन, पाच मेणबत्त्या, सलगम मिसळलेला दीड पाव आणि एकेकाळचा शाळामास्तर, आता निरीक्षक असलेल्या डेटलेफ हासेनकाम्पची वही. वहीत इंग्रजांच्या अकरा हल्ल्यांची नोंद होती. प्रत्येक हल्ल्याआधीच्या आठवड्यात त्यांच्या तोफांनी नेम बसवायला सुटे गोळे टाकले होते. कमीत कमी चाळीस. ते मोजले की जर्मन सावध होत, राखीव पलटणी पुढे आणत आणि खंदक चार वर्षं होते तिथेच राहत.

या आठवड्यात दोनच गोळे पडले होते.

डेटलेफला या शांततेची धास्ती बसली होती. तीन दिवस शत्रूची विमानं उगीचच खालून घिरट्या घालत होती, जणू दुसरा कसला तरी आवाज झाकायला. आणि आपल्या चार तोफा रोज संध्याकाळी त्याच जागेवरून वीस गोळे टाकत होत्या. पलीकडे चार ठिकाणी कान लावून कोणी तोफेचा आवाज पोहोचल्याच्या नेमक्या वेळा टिपल्या, तर तोफेची जागा कागदावर काढता येते. मग वारा आणि स्वतःच्या तोफांच्या नळ्यांची झीज हिशेबात धरली, तर त्यांना नेम बसवायला एकही गोळा लागणार नाही.

तो वही घेऊन घाईने तोफांपाशी गेला आणि तिथले प्रमुख कॅप्टन टाम यांना म्हणाला की आजच तोफा सहाशे मीटर मागे न्याव्यात. इथे अठ्ठावन्न माणसं होती. दोन वर्षं तो त्यांच्यातच जेवत होता.

"म्हणजे इंग्रज आता कानांनी बघायला लागले म्हण की," टाम म्हणाले.

"मास्तर, भीतीनं जेवण जात नसेल तर पाव इकडे द्या," म्हातारा गोलंदाज ब्योटशर म्हणाला. सगळे हसले.

तोफा ओढायला उरलेली नऊ घोडी भुसा खाऊन जेमतेम उभी होती. पण टामनी घोड्यांचं नावही काढलं नाही. त्यांनी डेटलेफचीच वही त्याच्यापुढे धरली. "चाळीस गोळ्यांशिवाय हल्ला नाही, हे कोणी लिहिलंय?"

"मीच, साहेब."

"मग?"

अकरापैकी अकरा वेळा खरा ठरलेला नियम खोडायला त्याच्याकडे नुसता अंदाज होता. तो खड्ड्यात परतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं दाट होतं की स्वतःचा हात दिसेना. चार वाजून वीस मिनिटांनी समोरचं सगळं क्षितिज एकदम पेटलं. टेलिफोन खणखणला.

"किती पडले?" टामनी विचारलं.

"मोजता येत नाहीत, साहेब."

तार तुटली. धुक्यातून रणगाड्यांची घरघर खड्ड्यावरून पुढे निघून गेली.

पहिला गोळा पहिल्या तोफेपासून अठरा मीटरवर पडला होता. चारही तोफा साडेतीन मिनिटांत बंद पडल्या. अठ्ठावन्नपैकी एकोणीस माणसं उरली. संध्याकाळी आघाडी अकरा किलोमीटर मागे होती.