पाहुण्यांचा फ्रॉक

मी फ्रॉक बोलतोय. पिवळा, पांढऱ्या कॉलरचा. या अनाथाश्रमाच्या कपाटात मला एकट्याला स्वतंत्र हँगर आहे, पण मालकीण नाही. मूल दत्तक घ्यायला पाहुणे येणार असले, की ज्या मुलीला दाखवायचं तिच्या अंगावर मला चढवतात.

सगळ्यांत जास्त वेळा मला ताईने घातलं. आता ती सतरा वर्षांची आहे, लहानग्या तिला ताई म्हणतात. पहिल्या खेपेला मी तिच्या गुडघ्याखाली लोंबत होतो.

"तुला काय आवडतं गं?" पाहुण्यांनी विचारलं.

"झाडावर चढायला. आणि दूध मुळीच आवडत नाही!"

पाहुणे हसले, चहा प्यायले आणि गेले ते गेलेच.

मग ती शहाणी झाली. गाणाऱ्या बाईंपुढे तिला गाणं आवडायचं, कुत्रा पाळणाऱ्यांपुढे कुत्रा. खरं तर कुत्रा दिसला की तिची पाचावर धारण बसे. तिच्या छातीतली धडधड फक्त मला कळायची. तरी न्यायचे दुसरीलाच. पुढे मी तिला काखेत काचू लागलो आणि तिला बोलावणंच थांबलं. झाडाचं नाव मात्र तिने पुन्हा काढलं नाही.

लवकरच ती अठराची होईल, मग तिला इथून जायचंय. जाणाऱ्या मुलीला नवा ड्रेस शिवतात. काल शिंपीणकाकू कापडाचे तुकडे घेऊन आल्या.

"निवड, बाळ."

ताई कापडाकडे नाही, काकूंच्या तोंडाकडे बघत राहिली. "तुम्हाला कोणता आवडतो?"

"अगं, घालणार तू की मी? मी घातला तर बटणं तुटतील!"

ताई लगेच हसली. पाहुण्यांपुढे हसायची तसंच. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "असा पिवळा. यात मी छान दिसते म्हणतात."

"कोण म्हणतं?"

म्हणणाऱ्यांपैकी एकही परत आला नव्हता.

तुम्ही म्हणाल, आश्रमाने काय कमी केलं? खायला घातलं, शिकवलं. खरंय. पण जी मुलगी रोज दुसऱ्याच्या पसंतीला उतरायला शिकली, तिने स्वतःची पसंती आणायची कुठून? या प्रश्नाला कुणाकडे वेळ आहे?

आज पुन्हा पाहुणे येणार आहेत. ताई एका चिमुरडीला मला घालतेय, मागची बटणं लावतेय.

"ताई, हा टोचतो गं मानेला."

मी टोचतो, हे खरंच आहे. पहिल्यापासून टोचतो. इतक्या मुलींनी मला घातलं, पण आजवर कुणी बोललं नव्हतं. पोरी, पाहुण्यांपुढेही हेच बोल! कुणीतरी कात्री आणा, माझी ही कॉलर कापा, नाहीतर मला फाडून फडकी करा!

ताईने माझी कॉलर नीट केली.

"टोचतो असं म्हणायचं नसतं. हस बघू."

चिमुरडी हसली.

"शहाणी माझी," ताई म्हणाली.